पुढे ये, हात दाखव

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. कुलूप म्हणजे कडीला गुंडाळलेली तार. आत चोरून न्यावं असं काही नव्हतं, तरी आई ती तार पिळून पिळून घट्ट करायची. मग आम्ही मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायचो. भांडी, गोधड्या, ज्वारीचं पोतं, दोन कोंबड्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत मी आणि माझी धाकटी बहीण. पुढचे पाच महिने कुठल्यातरी साखर कारखान्याच्या भोवतालचं रान हेच आमचं गाव.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. माझे आई-बाप एक कोयता होते. मी आठ वर्षांची होते तेव्हा पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत बसून बहिणीला सांभाळायची आणि भाकरी थापायची. मी अकरा वर्षांची असताना आईचं बाळंतपण झालं आणि त्या हंगामात मी मोळ्या बांधल्या. उसाच्या पाल्याला धार असते. पहिल्या दिवशी कळत नाही. रात्री भाजीत मीठ टाकताना हात झोंबला की कळतं.

परत आलो की मी शाळेत जायची. माझ्या जागेवर दुसरीच कुणी बसलेली असायची. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला कधी मारलं नाही. हजेरीत माझं नाव पुन्हा घ्यायला लागायचे, एवढंच. इतके दिवस कुठं होतीस, काय खाल्लंस, हाताला काय झालं, असं एका शब्दानं त्यांनी कधी विचारलं नाही. त्या न विचारण्याचा राग मी पुढं कितीतरी वर्षं जपला. आता खोटं कशाला बोलू, त्याच रागावर मी शिकले.

मामा पूर्णेला रेल्वेत रुळावर काम करायचे. त्यांनी मला त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. दहावीनंतर परभणीला सरकारी वसतिगृह मिळालं. अभ्यासाला जागा नसली की आम्ही चार मुली विहाराच्या ओट्यावर जाऊन बसायचो. आमच्या भावकीत बी. ए. झालेली मी पहिली. पोरांमध्येसुद्धा माझ्या आधी कुणी नव्हतं. बापानं माझ्या पदवीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून महिनाभर पाहुण्यांकडं फिरवला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही उलटासुलटा करून दाखवला. मला त्याचा अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

नोकरी लागली ती पाथरी तालुक्यातल्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिली ते आठवी. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर बंद. वर्गात गेलं की माझं बालपणच समोर बसलेलं दिसायचं, आणि निम्मं बालपण गैरहजर. मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं की मी ऊसतोडीच्या घरातली आहे. त्यानंतर वर्षातून किती वेळा सांगितलं ते मी मोजलं नाही. मुलांनी मोजलं असेल.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता, मुलांना दुसऱ्याच्या भावना ओळखायला शिकवणं. साहेबांनी आम्हाला गोल तोंडांची चित्रं वाटली. हसरं, रडकं, चिडकं. माझ्या शेजारचे सर जांभई देत म्हणाले, "मॅडम, ह्यात आपलं तोंड कुठंच न्हाई बघा. झोपाळू." सगळे हसले, मीही हसले. पण विषय माझ्या मनात बसला. मला जे कुणी विचारलं नव्हतं ते आता विचारायचं, आणि मुलांनाही विचारायला शिकवायचं. विचारणं म्हणजेच माया, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

आमच्याकडं रोज सकाळी परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या. सगळी शाळा मैदानात ओळीनं बसलेली असते. मी बातम्यांनंतर एक नवीन गोष्ट घातली. तिचं नाव ठेवलं 'मला दिसलं'. रोज दोन मुलांनी उठायचं आणि काल आपल्याला कुणाच्या मनातलं काय दिसलं ते सांगायचं.

पहिले पंधरा दिवस काय सुंदर गेले. सहावीतला एक जण म्हणाला, "मला दिसलं की बाजारातून आल्यावर दादांना बोलू वाटंना. म्या टीव्हीचा आवाज बारीक केला." पाचवीतली म्हणाली, "खिचडीवाल्या मावशीनं आज दोनदा डोळे पुसले. धूर न्हवता, गॅस हाय." मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. एकानं उठून सांगितलं, "हेडसर आज चिडलेत, कारण की त्यांची मोटरसायकल चालू व्हईना." सगळी शाळा हसली. हेडसरसुद्धा हसले आणि म्हणाले, "बस खाली, चुगलखोर."

आमच्या भागातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांनी फोन केला. "मॅडम, एक नंबर उपक्रम. व्हिडिओ टाका शिक्षकांच्या ग्रुपवर." आता आमच्या नोकरीत झाड लावलं तरी फोटो, हात धुतले तरी फोटो. मी व्हिडिओ टाकायला लागले. खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग लागायची. मला ते आवडायचं. आवडत नव्हतं असं म्हणणार नाही.

मावशी त्यानंतर दारात उभ्या राहीनाशा झाल्या, हे मला दिसलं नाही. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "मॅडम, घरातलं सांगू नये वाटलं तर चालतं का?" मी म्हणाले, "सांगितल्यानं मन हलकं होतं गं." ती "हौ मॅडम" म्हणून गेली. तिचे वडील पितात हे मला ठाऊक होतं. तरी मी असं म्हणाले.

मार्चमध्ये ऊसतोडीची घरं परत यायला लागली. त्यात माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी होती. गणितात वर्गात सगळ्यांच्या पुढं. दिवाळीला जाताना मीच तिला पत्र भरून दिलं होतं, की जिथं जाशील तिथल्या शाळेत हे दाखव आणि बस. ते पत्र तसंच घडी घातलेलं परत आलं. तिकडं तिच्या आईची कंबर धरली, आणि आईच्या जागी ही उभी राहिली. चार महिने. आल्यावर ती शेवटच्या ओळीत बसायला लागली. बाही बोटांपर्यंत ओढून लिहायची.

मला पहिल्याच दिवशी कळलं. कळणारच. मी काही बोलले नाही. फळ्यावरची गणितं तोंडी सोडवून घेतली, म्हणजे तिला लिहायला कमी लागेल. तिथंच थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

तिसऱ्या दिवशी परिपाठात तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी उठली. हिच्या वडलांचं गावात किराण्याचं दुकान आहे. तोंड सदा चालू, उत्तर येत नसलं तरी हात वर. ती म्हणाली, "मला दिसलं, की ती खिचडी खाताना भितीकडं तोंड करून बसती. ताटली मांडीवर घेती आणि हात वढणीखाली लपवती. मला वाटतं तिला लाज वाटायली."

खरं तर तिनं बरोबर पाहिलं होतं. 'मला दिसलं'मध्ये आजवर कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं. तिच्या आवाजात टिंगल नव्हती. ती काळजीनंच बोलत होती. हेडसर माझा मोबाईल घेऊन व्हिडिओ काढत होते.

मी म्हणाले, "पुढे ये. हात दाखव."

शेवटच्या ओळीतली ती उठायला वेळ लावत होती. शेजारच्या पोरींनी तिला ढकललं. ती आली. मी तिचे दोन्ही हात धरून वर केले, सगळ्या शाळेला दिसतील असे. बोटांवर काळ्या रेघा होत्या, एका तळव्यावर फोड फुटून ओला राहिलेला. मी बोलायला लागले. ह्या हातांची लाज बाळगायची नाही. माझ्या आईचे हात असेच होते. माझेही होते. मी ह्या हातांनी मोळ्या बांधल्या आणि ह्याच हातांनी पदवी घेतली. असं पुष्कळ बोलले. माझा आवाज भरून आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी डोळे पुसले. माझ्या हातात तिचे हात ढिले पडले होते, जसे कुणी विसरून ठेवलेले.

आयुष्यातला सगळ्यात चांगला पाठ आज झाला, असं मला त्या दिवशी वाटलं. व्हिडिओ मी दुपारीच ग्रुपवर टाकला.

नंतर तो मी खूपदा पाहिला. त्यात ती जमिनीकडं बघते आहे. दुकानदाराची मुलगी तिच्याकडं बघते आहे आणि तिचं तोंड हळूहळू पडत जातं. आणि मी मोबाईलकडं बघते आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताप असेल म्हटलं. चौथ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पारापाशी दोन पोरं मोबाईल बघत उभी होती आणि मला माझाच आवाज ऐकू आला. माझ्या आवाजाखाली कुणीतरी रडकं संगीत घातलं होतं. ग्रुपवरून कुणी आपल्या भावाला पाठवला, भावानं आणखी कुणाला, आणि फिरत फिरत तो गावात आला होता. गावातल्या पोरांनी स्टेटसला ठेवला होता.

मी संध्याकाळी स्कुटी घेऊन तिच्या घरी गेले. आई दारात हरभरा निवडत बसली होती, कमरेला फडकं आवळून. तिनं पोतं टाकलं.

"या बाई. बसा."

"पोरगी कुठंय?"

"हाय की घरात. जाती कुठं? सगळ्या गावानं बघितली. अजून काय बघायचं ऱ्हायलंय?"

आत पडद्यामागं हालचाल झाली आणि थांबली. मी म्हणाले, "मी तिच्या चांगल्यासाठीच केलं हो. मी स्वतः ऊसतोडीच्या घरातली आहे."

"ठावं हाय. आल्या दिवसापास्नं सांगायलाव."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुमचे हात दाखवा बरं बाई."

मी हात पुढं केले. अंगठी, घड्याळ, नखाला फिकट रंग.

"किती वर्सं झाली कोयता सोडून?"

"लहान होते तेव्हा."

"म्हंजे बरे झाले हात. बरं झालेलं दाखवायला काय लागतंय? मिरवता येतंय. तिचं अजून ओलं हाय. पुढल्या सालीबी ओलंच ऱ्हायचं." मग आवाज खाली करून म्हणाली, "तिचा बाप म्हणायलाय, आठवी बास झाली. दिवाळीच्या आत जोडी लावून देऊ, एक कोयता वाढंल. म्याच आडवी पडलेवते. म्हणलं, शिकू द्या, शाळंत तिला किंमत हाय. आता सांगा, म्या कोणत्या तोंडानं आडवी पडू? तो मोबाईल दाखवतो मला. म्हणतो, ही बघ तुझी किंमत."

मी म्हणाले, एवढ्या लहान मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, कायदा आहे.

"कायदाबी ग्रुपवर टाकताव का?"

उठताना माझा पाय पोत्यात अडकला. ती म्हणाली, "सांबाळून." एवढंच.

मी रात्रीपर्यंत फोन करत राहिले. माझ्या मोबाईलवरून तो व्हिडिओ सगळ्यांसाठी पुसायची मुदत संपून गेली होती. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, इतका चांगला व्हिडिओ, कशाला काढता? वर दाखवायचाय." मी त्यांच्याशी भांडले. ग्रुपवरून निघाला. पारावरच्या पोरांना मी हात जोडले. त्यांनी स्टेटस काढलं, पण कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये राहिला असेल ते कुणाला ठाऊक. 'मला दिसलं' मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं. मुलांनी विचारलं नाही का बंद केलं. मला वाटतं त्यांना बरं वाटलं.

पण मला चैन नव्हती. मी त्या घरी रोज जायला लागले. शाळा सुटली की स्कुटी तिच्या दारात. आई कधी असायची, कधी नसायची. मुलगी पडद्याबाहेर आली नाही. शेवटी मी ठरवलं की सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. परिपाठात उभं राहून, तिच्या आईला बोलावून. मी बोलायचं काय तेही लिहून काढलं. आणि चांगलं लिहिलं होतं.

ते कसं कोण जाणे, दुकानदाराच्या मुलीला कळलं. त्या दिवसापासून ती वर्गात बोलायची बंद झाली होती. उत्तर येत असलं तरी हात वर करत नव्हती. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, पुन्यांदा नका ना."

"काय नको?"

"माफीचं. परत तिचंच नाव निघंल. परत समदे तिलाच बघतील."

मी तिला आत घेतलं. ती उभीच राहिली आणि एकदम बोलून गेली, "आन् तुमी तिच्या घरी पण नका जाऊ. तुमची स्कुटी तिच्या दारात लागली की आख्खी गल्ली वट्ट्यावर येती. ती संडासलाबी जात न्हाई तवर."

हे बोलल्यावर तिनं जीभ चावली. मी रागावले नाही. रागवायला माझ्याकडं काही शिल्लक नव्हतं.

"मग कोण जाणार तिच्याकडं?"

"मी जायले की. गिरणीला दळण घेऊन जाताना. तिचं घर वाटंतच हाय, कुणाला काय वाटत न्हाई."

"माफी मागितलीस?"

"मागाया गेलते. ती म्हणली, त्याचं नाव काढलंस तर येऊ नको. मग म्या काढलंच न्हाई."

"मग काय करता?"

"कायबी न्हाई. म्या गणितं करती, मला येत न्हाईत. ती बघती. मग तिला ऱ्हावत न्हाई, ती म्हणती, आण इकडं."

चौदा वर्षांची मुलगी. तिला हे मी शिकवलं नव्हतं. माझ्या परिपाठात तर ती उलटंच शिकली होती, दिसलं की बोलायचं. माझा पाठ तिनं स्वतःहून खोडला आणि पुढं गेली. मी लिहिलेली माफी फाडली नाही, पिशवीत ठेवली. घरी गेल्यावर पुन्हा वाचली तेव्हा कळलं, त्यात 'मी' किती वेळा आलं होतं.

मी त्या घरी जायचं थांबवलं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. आता आठवीला पास-नापास आहे. ती आली नाही. तिच्या नावापुढं मी लाल शाईनं गैरहजर लिहिलं. एकच गोष्ट उरली होती. नापास आणि गैरहजर मुलांची जूनमध्ये पुन्हा परीक्षा होते. ती दिली नाही तर आठवी राहिली, आठवी राहिली की बापाचं म्हणणं खरं झालं, आणि दिवाळीच्या आत एक कोयता वाढला. माझ्याकडं मे महिना होता, आणि त्यात मी करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं.

माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं लय अवघड. मी आयुष्यभर बोलूनच पुढं आले. मे महिन्यात दुपारी पाथरीतल्या माझ्या घरी दार लावून, पंख्याखाली बसून मी सगळ्या विषयांच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका हातानं लिहून काढल्या. गावातल्या दुकानातून मीठ-साखर घ्यायचं निमित्त करून त्या दुकानदाराच्या मुलीच्या वहीत घालून ठेवल्या. त्यासोबत पडद्यामागच्या त्या मुलीला चिठ्ठी लिहावी असं वाटायचं. तीनदा लिहिली. तिन्ही वेळा ठेवली नाही. प्रश्नपत्रिका सोडवून परत आल्या, की तिचं अक्षर बघायचं. आधी फाटकं, मग हळूहळू नीट. बोटं बरी होत होती, एवढंच मला कळायचं. कोण काय म्हणतं, बाप काय म्हणतो, हे दुकानदाराची मुलगी सांगायची नाही आणि मी विचारायची नाही. हे न विचारणं माझ्या जन्माचं शिकणं होतं, आणि मला ते कडू लागलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाथरीच्या बाजारात तिची आई भेटली. मिरच्या घेत होती. मी पुढं निघून जाणार होते, तिनंच हाक मारली.

"बाई. परीक्षा हाय म्हणं ह्या महिन्यात."

"हौ. शाळेतच आहे. हेडसरांच्या खोलीत बसवतील. दुसरी मुलं नसतात त्या वेळी."

ती मिरच्या चाचपत राहिली. मिरचीवाला म्हणाला, "घ्यायच्या तर घे ना मावशी, नुसत्या दाबायलीस." तिनं ऐकलं नाही. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तिथं तुमी असताव का?"

मला चटकन म्हणायचं होतं की हो, असेन, मी स्वतः तिच्या शेजारी बसेन, काळजी करू नका. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "नाही. मी नसेन."

"बरं," ती म्हणाली. आणि मिरच्या घेतल्या.

हेडसरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्याच वर्गाची परीक्षा आणि तुम्हीच नाही?"

"म्हणूनच नाही, सर."

त्यांनी माझा रजेचा अर्ज घेतला. चांगला माणूस आहे. परीक्षेच्या दिवशी मी पाथरीत घरीच होते. भांडी घासली, पुन्हा घासली. साडेआठला त्यांचा फोन आला.

"आली. आई दारापर्यंत सोडून गेली. लिहायला बसली."

"बरं."

"फोटो काढू का? रेकॉर्डला लागंल."

"नका काढू, सर."

"एक पाठमोरा?"

"सर."

"बरं बरं. ठेवतो."

ती पास झाली. गणितात चांगली. दाखला न्यायला आई आली आणि तीही आली. ती पाठमोरी उभी राहून मैदानात बघत होती. मी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, आईच्या हातात दिला. "येतो बाई," आई म्हणाली. मुलगी तिच्या मागं निघाली. अजूनही कधी पाथरीच्या एसटीत ती दिसली तर खिडकीकडं तोंड करते. मी पुढच्या दारानं उतरते. तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिला तसं करायची काही सक्ती नाही, आणि मला त्याचं काही कारणही दिसत नाही.

यंदाच्या प्रशिक्षणात साहेबांनी मला उभं केलं. म्हणाले, मॅडमनी भावनांवर फार छान उपक्रम केला होता, त्यांनी चार शब्द सांगावेत. मी एवढंच सांगितलं की उपक्रम बंद केला, कारण त्यामुळं एका मुलीची शाळा सुटली होती. साहेबांनी पुढचं नाव घेतलं. जांभई देणाऱ्या सरांनी मला पाण्याची बाटली पुढं केली.

शाळेत आता 'मला दिसलं' नाही. मुलं एकमेकांना बघत असतात, त्यांना काय दिसतं ते मी विचारत नाही. ऊसतोडीहून परत आलेल्या मुलांना पहिले आठ दिवस लिहायला सांगत नाही. सगळ्या वर्गालाच सांगत नाही. तोंडी घेते. का, ते कुणाला सांगितलेलं नाही.

तिनं आठवी पास केली आणि तो दाखला पुढं करून आई बापाला पुन्हा आडवी पडली. नववीला पाथरीच्या शाळेत तिचं नाव लागलं आणि मुलींच्या वसतिगृहात तिला खाट मिळाली. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले, ती गेली नाही. तिचं लग्न झालेलं नाही. यंदा ती दहावीला आहे.